फोटो काढा, पण पत्ता देऊ नका

गेल्या रविवारी रात्री आपल्या एका ग्रुपवर एकवीस सेकंदांचा व्हिडिओ आला. गाडीच्या हेडलाइटमध्ये वाघीण, मागे दोन बच्चे. वाघीण रस्ता ओलांडते, एक बच्चा अलीकडेच राहतो, गाडीवाला हॉर्न मारतो आणि आतून कोणीतरी खो-खो हसतं. खाली गावाचं नाव, फाट्याचं नाव, वेळ, सगळं लिहिलेलं. अर्ध्या तासात तोच व्हिडिओ मला सात ग्रुपवरून आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या फाट्यावरच्या टपरीवाल्याचा फोन, "भाऊ, जत्रा भरून रायली इथं. नागपूरच्या पण गाड्या हायेत."

बातमी केली का? नाही केली. आणि त्या फाट्याचं नाव इथंही लिहिणार नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा. कारण यात जंगल खात्याइतकाच दोष तुमचा आहे, आणि सगळ्यात आधी माझा आहे.

माझ्यापासूनच सुरू करतो.

काही वर्षांपूर्वी एका गावाजवळच्या नाल्याच्या दरडीत शृंगी घुबडाचं घरटं होतं. कपारीत दोन पिल्लं, अंगावर पांढरी लव, डोळे असे की माणूस बघतच राहील. मी मोठ्या हौसेनं फोटो काढला आणि छापला. चांगली चार कॉलम जागा मिळाली. बातमीत गावाचं नाव होतं, नाल्याचं नाव होतं, कोणत्या पुलापासून किती अंतरावर तेही होतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला शिकवलेलंच होतं ना, कोण, काय, कुठे, कधी! आठ-दहा दिवसांनी परत गेलो तर कपार रिकामी. खाली बिस्किटाचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, चिखलात बुटांचे ठसे. पिल्लं कोणी नेली की उडायच्या आधीच घाबरून खाली पडली आणि कुत्र्यांनी खाल्ली, हे आजपर्यंत कळलं नाही. शेजारच्या शेतातले एक काकाजी म्हणाले, "तुम्ही फोटू छापला भाऊ, अन् लोकं आले. आमाले तं चार वर्सापासून माईत होतं. आमी कोनाले सांगतलं का?"

चार वर्षं त्या माणसानं ते घरटं सांभाळलं होतं. काही न करता, फक्त तोंड बंद ठेवून. आणि मी, शिकलेला माणूस, चार कॉलममध्ये ते संपवून आलो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या नावाखाली घुबडांचं काय होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. तरी "कुठे" लिहिलं.

आता मुद्द्यावर येतो.

आपला वर्धा जिल्हा म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर आणि वरच्या अंगाला कारंजा-आर्वी-आष्टीकडे संत्रा. या सगळ्या शेतांच्या मधोमध जे हिरवं उरलंय त्याला मी बेट म्हणतो. समुद्रातलं बेट आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेलं नसेल, पण हिंगणीच्या पुढे बोर धरणाच्या भिंतीवर उभं राहून चौफेर बघा, म्हणजे बेट कसं असतं ते समजतं. समोर सागाचं, बांबूचं, तेंदू-मोहाचं जंगल. पाठीमागे शेतं, आणि शेतांच्या पलीकडे रस्ते.

बोरला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा क्षेत्र होतं १३८ चौरस किलोमीटर, आणि देशातला तो त्या वेळचा सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्प होता. नंतर भोवताली बफर जोडला, कागदावर आता एकूण क्षेत्र आठशे चौरस किलोमीटरच्या वर जातं. पण बफर म्हणजे काय? त्यात गावं आहेत, शेतं आहेत, गुरं आहेत, रात्री ओलित करायला जाणारी माणसं आहेत. वाघासाठी खरं बेट ते १३८ चंच. एका नर वाघाला फिरायला कितीतरी दहा-दहा चौरस किलोमीटर लागतात. वाघिणीचे बच्चे दोन वर्षांचे झाले की त्यांना स्वतःचं घर शोधायला बाहेर पडावंच लागतं. कुठं जाणार? ईशान्येला पेंच, वायव्येला मेळघाट, पूर्वेकडे उमरेड-कऱ्हांडला, पुढे ताडोबा. मध्ये आपण.

बेटाचं काय होतं, याची गोष्ट जगात एका ठिकाणी शंभर वर्षांपासून लोक डोळ्यांनी बघतायत. पनामा कालव्यासाठी नदीवर धरण बांधलं. कालवा १९१४ साली सुरू झाला. खोऱ्यात पाणी भरलं, आणि एका मोठ्या टेकडीचा माथा पाण्याच्या वर उरला. त्याचं झालं बेट, नाव बारो कोलोराडो. सुमारे पंधरा चौरस किलोमीटर. १९२३ पासून तिथं राखीव क्षेत्र, झाडं तोडायला बंदी, शास्त्रज्ञांचा कायमचा मुक्काम. म्हणजे बंदोबस्त असा की आपण स्वप्नातही बघू नये. तरीही तिथून पक्ष्यांच्या डझनावारी जाती हळूहळू नाहीशा झाल्या. कोणी मारल्या नाहीत. काही जाती पाणी ओलांडून येऊ-जाऊ शकत नव्हत्या. इकडची संख्या घटली तर भर घालायला तिकडून कोणी येईना, बस. काठ समोर दिसत होता, पण मधलं पाणी आडवं होतं.

१९६७ साली मॅकआर्थर आणि विल्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी यावर पुस्तकच लिहिलं. सार आपल्या भाषेत सांगायचं तर असं, की बेट जितकं लहान आणि दुसऱ्या जमिनीपासून जितकं लांब, तितके त्यावरचे जीव कमी. बेट राखायचं असेल तर बेटाइतकंच लक्ष मधल्या वाटेकडे द्यावं लागतं.

आपल्याकडे मधलं पाणी म्हणजे काय? डांबर, सिमेंट आणि तार.

२०१७ हे एकच वर्ष आठवा. ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक वाघीण गळ्यात रेडिओ कॉलर बांधून बोरमध्ये आणून सोडली. ती बोरमध्ये थांबली नाही. अडीच महिन्यांत पाचशे किलोमीटरच्या आसपास फिरली. माणसं मेली, गावं घाबरली, तिला गोळी घालायचे आदेश निघाले, प्रकरण हायकोर्टात गेलं. आणि ऑक्टोबरमध्ये सिंदीविहीर शिवारात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं ती मेली. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी बोरचा बाजीराव नावाचा वाघ नागपूर-अमरावती हायवेवर बाजारगावजवळ गाडीखाली आला. या दोघांपैकी एकालाही शिकाऱ्यानं मारलं नाही. दोघंही बेटाबाहेर पडले, आणि मधल्या "पाण्यात" बुडाले. बोरच्या एका अंगाला हा हायवे, दुसऱ्या अंगाला आता समृद्धी. आपल्या सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धीवर प्राण्यांसाठी खालून-वरून वाटा ठेवल्या आहेत, ही चांगली गोष्ट. पण त्या वाटेपर्यंत जनावर पोहोचणार कसं? पुलाच्या दोन्ही तोंडांना काय उरलंय, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर आपल्या सातबाऱ्यात आहे. झुडपी जंगल.

हा शब्द वर्ध्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात, आपल्याकडे झुडपी. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींत हा शब्द आला. बोरी, हिवर, खैर, पळस, तरवड, निरगुडी, मध्ये मध्ये कुसळी आणि पवन्याचं गवत. गुरं चारायची जागा. सागाचं लाकूड मिळत नाही म्हणून जंगल खात्याला त्याचं कौतुक नाही, पीक निघत नाही म्हणून महसूल खात्याला नाही. ग्रामपंचायतीच्या भाषेत "पडीत". म्हणून त्यावर काहीही करावं. डम्पिंग करा, मुरूम काढा, ले-आउट पाडा, नाहीतर मंत्री आले की खड्डे खणून गुलमोहर लावा.

पण तिथं राहतं कोण बघा. ससा, साळिंदर, खोकड, लांडगा, घोरपड, तितर, बटेर, चंडोल, टिटवी. सकाळी सहाला आपल्या गावाच्या झुडपीत अर्धा तास शांत बसून बघा, मग मला सांगा पडीत आहे का ते. आणि आपला गवळाऊ बैल? ज्या गाई-बैलांवर आर्वी-कारंजा-आष्टीचं नाव आहे, ज्यांच्यासाठी हेटीकुंडीला सरकारी फार्म आहे, ती जात कशावर वाढली? गव्हाणीतल्या सरकीवर नाही वाढली. या माळावरच्या गवतावर वाढली. गवत गेलं, गवळी समाजाचे कळप कमी झाले, बैलही गेला. वाघ आणि बैल एकाच वाटेनं चालले आहेत, हे लक्षात घ्या.

सुप्रीम कोर्टानं २२ मे २०२५ ला निकाल दिला की झुडपी जंगल म्हणजे वनच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतलं मिळून ८६ हजार ४०९ हेक्टर. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्यांना जमिनी दिल्या गेल्या त्यांना मार्ग ठेवलाय. गरिबाचं घर पाडा असं कोर्ट म्हणालेलं नाही, मीही म्हणत नाही. निकालाच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी छापल्या. "विकास रखडणार का?" असा मथळा. पण एकाही बातमीसोबत त्या झुडपीचा धड फोटो नव्हता. माझ्याही नाही. का? कारण माझ्याकडे फोटोच नव्हता! वाघाचे माझ्या लॅपटॉपवर तीनशे फोटो आहेत. गवताचा एकही नाही.

इथंच मला अडायला झालं. आपला कॅमेरा चुकीच्या जागी रोखलेला आहे, आणि वरून तो फार बोलतो.

फार बोलतो म्हणजे काय? ३१ डिसेंबर २०२४ आठवत असेल. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बच्चे रस्त्यावर, आणि दोन्हीकडून जिप्सी. पुढं जायला जागा नाही, मागं जायला नाही. सगळ्यांच्या हातात मोबाईल आणि लांब लेन्सा. त्याचाच व्हिडिओ व्हायरल झाला म्हणून कळलं, नाहीतर ते नववर्षाचं छान सायटिंग म्हणूनच मिरवलं असतं. चालक-गाइडवर कारवाई झाली, पर्यटकांना दंड झाला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. बरं झालं. पण मला सांगा, तिथं गेट होतं, नियम होते, गाइड होता, नंबर लावलेल्या गाड्या होत्या, तरी असं झालं. आपल्या फाट्यावर रात्री अकराला काय आहे? ना गेट, ना गाइड. आणि बच्चे घेऊन कोंडलेली वाघीण सकाळी कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या समोर आली तर? व्हिडिओ काढणारा तेव्हा आपल्या घरी नागपुरात चहा पीत असेल. त्या बाईला मात्र त्याच धुऱ्यानं जायचं असतं.

वाघाचं तरी लोकांच्या लक्षात येतं. लहान जिवांचं कोण बघतं? पावसाच्या तोंडावर नवरंग येतो आपल्याकडे. नाव सार्थ करणारा पक्षी, पण झुडपात लपून राहतो. तर हौशी मंडळी मोबाईलवर त्याची शीळ वाजवतात. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर आला. तो बिचारा घरटं, मादी, सगळं सोडून भांडायला बाहेर येतो. क्लिक, क्लिक, क्लिक. मग दुसरी गाडी येते, पुन्हा शीळ. विणीच्या दिवसांत दिवसभर हे चाललं तर तो पिल्लांना किडे कधी भरवणार? घरट्यासमोरच्या फांद्या "आड येतात" म्हणून कापणारेही पाहिलेत मी. फांदी कापली की कावळ्याला, शिक्र्याला घरटं उघडं. फोटोला दोनशे लाइक, खाली "वाह सर, क्या शॉट है".

जगभरात हे झालंय. चीनमध्ये गुहेत राहणारी एक पालीची जात १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्यानं नोंदवली. त्या लेखातल्या पत्त्यावरून पकडणारे इतके आले की मूळ जागी ती जवळजवळ संपली. २०१७ साली 'सायन्स' या साप्ताहिकात लिंडेनमायर आणि शीले या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी सरळ लिहिलं की दुर्मिळ जिवांचे नेमके पत्ते छापणं थांबवा. शास्त्रज्ञांना हे सांगावं लागतंय, तर तुमची-माझी काय गोष्ट!

झाडा-फुलांचंही तेच. साताऱ्याचं कास पठार बघा. खडकावरचं फुलांचं बेटच ते. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागल्या. फुलांत झोपून फोटो काढायचे लोक. माणसांची संख्या मोजून आत सोडायची पाळी आली. फूल पाहायला गेलेल्यानंच फूल तुडवलं.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, मग फोटो काढायचेच नाहीत का? फोटो नसेल तर लोकांना कळणार कसं, प्रेम वाटणार कसं? आणि बोरच्या गेटवर गाइड आहेत, जिप्सीवाले आहेत, त्यांची पोरं यावरच शिकतात. कतरिना वाघिणीच्या फोटोंनीच बोरचं नाव बाहेर गेलं ना?

गेलं. मान्य आहे. मी फोटोच्या विरोधात नाही, फोटोवर माझं पोट आहे. फोटोत फार ताकद असते हे मला माहीत आहे, म्हणून तर ती कुठं लावायची हे बोलतोय.

एक उदाहरण देतो. नागपूर-जबलपूर रस्ता पेंचमधून जातो. तिथं रस्ता रुंद करायचा होता, वर्षानुवर्षं वाद चालला, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता वर उचलून प्राण्यांसाठी खालून नऊ वाटा ठेवल्या. तेव्हा लोक हसत होते, की वाघ काय पुलाखालून जायला शिकणार का? भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावले. अठरा जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले, वाघसुद्धा. ते फोटो काही सुंदर नाहीत हो. काळे-पांढरे, अर्धं अंग कापलेलं, कुठं नुसती शेपटी. त्यांना कोणी लाइक देणार नाही. पण पुढच्या प्रत्येक रस्त्याच्या वादात ते फोटो पुराव्यासारखे टेबलावर येतात. माझ्या तीनशे देखण्या वाघांपेक्षा त्या एका अर्ध्या शेपटीनं जास्त काम केलं.

मग आपण काय करायचं? भाषण खूप झालं, आता कामाचं बोलतो.

१. पत्ता देऊ नका. वाघ, बिबट, लांडगा, घुबड, खवल्या मांजर, कुठलंही घरटं, कुठलीही गुहा. "वर्धा जिल्हा" एवढं पुरे. मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, मूळ फाइल पाठवली तर त्यात पत्ता जातो. टाकायचाच असेल तर महिनाभरानं टाका. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदीच्या साइटसुद्धा धोक्यातल्या जातींची नेमकी जागा लपवतात, ते काय वेडे आहेत? फक्त एक अपवाद. गावाजवळ वाघ-बिबट दिसला तर वनरक्षकाला, सरपंचाला, पोलीस पाटलाला आणि शेजारच्या शेतकऱ्यांना फोन करून ताबडतोब सांगा. तो सावधगिरीचा निरोप आहे, ज्याला धोका आहे त्याला तो मिळालाच पाहिजे. पुलगावच्या, नागपूरच्या ग्रुपवर त्याचं काही काम नाही.

२. बच्चे आणि घरटी, कॅमेरा खाली. मोबाईलवर शीळ वाजवणं बंद. फांदी कापणाऱ्याला तिथंच हटका, मग तो कितीही मोठा फोटोग्राफर असो.

३. गवताचा फोटो काढा. तुमच्या गावाच्या झुडपीत एक दगड ठरवा. त्या दगडावर उभं राहून वर्षातून तीनदा, पावसाळ्यात, दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात, एकाच दिशेनं फोटो काढा. तारीख लिहा. इथं पत्ता लपवू नका, गट नंबरसकट लिहा, कारण जागा पळून जात नाही आणि तिला चोरणारे अंधारातच काम करतात. पाच वर्षांनी मुरूमवाला म्हणाला, "इथं काही नव्हतंच", तर हे पंधरा फोटो ग्रामसभेत ठेवता येतील.

४. जैवविविधता नोंदवही उघडा. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि गावातल्या झाडा-झुडपांची, पशुपक्ष्यांची लोकांनी केलेली नोंदवही असायला पाहिजे. हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, दंडाची भीती घातली, तेव्हा धडाधड वह्या तयार झाल्या. कशा झाल्या ते तुम्ही स्वतः पाहा. ग्रामपंचायतीत जाऊन "आमच्या गावची वही दाखवा" एवढंच म्हणा. एका वहीत मी शेजारच्या गावाचा तलाव पाहिलाय! ती वही त्या काकाजींसारख्या माणसांनी लिहायला हवी, ज्यांना घुबड चार वर्षांपासून माहीत असतं. तिच्यात फोटो लावायला कोणी अडवलेलं नाही.

५. माळावर झाडं लावू नका. हे ऐकून काही जण रागावतील. ज्यांनी उघड्या बोडक्या टेकड्या हिरव्या केल्या त्यांच्याबद्दल आदर आहे, राहील. पण जिथं मुळात गवत आहे तिथं खड्डे खणणं म्हणजे चंडोलाचं घर पाडून मैनेला फ्लॅट देणं. लावायचं असेल तर रस्त्याकडेला लावा, शाळेत लावा, स्मशानात लावा. कडुनिंब, पळस, मोह, अर्जुन, आपली झाडं लावा.

६. आणि आमच्या धंद्यातल्या मित्रांसाठी. संपादकांनी, पोर्टलवाल्यांनी, यूट्यूबवाल्यांनी एक साधा नियम पाळावा. अपघात, हल्ला, शिकार असेल तर गाव लिहायचं, ते लोकांना कळायलाच हवं. नुसतं दर्शन असेल तर तालुका पुरे. "कोण, काय, कुठे, कधी" यातलं "कुठे" कधीकधी गाळणं हीच पत्रकारिता असते. मला हे शिकायला दोन पिल्लं गमवावी लागली.

जंगल खात्यालाही सांगायचं आहे. बफरमधल्या रस्त्यांवर रात्री गाड्यांच्या रांगा लागतात तिथं दोन महिने तरी नाका लावा. आणि रोही-रानडुकरानं पीक खाल्ल्याचे, वाघानं गाय मारल्याचे पैसे वेळेत द्या. जागल करून करून डोळे सुजलेल्या शेतकऱ्याला वन्यजीवप्रेम शिकवायला जाऊ नका, तुमच्या-माझ्यापेक्षा त्यानं जास्त वर्षं त्या जनावरांना सहन केलंय. तारेत करंट सोडणं गुन्हाच आहे, त्यात माणसंही मरतात. पण नुकसानीचा अर्ज धूळ खात पडतो तेव्हा ती तार ओढली जाते, हेही खरं आहे. बेटामधलं पाणी उथळ करायचं असेल तर या माणसाला सोबत घेतल्याशिवाय होणार नाही.

शेवटी एक चांगली आठवण. २०१८ मध्ये आपल्या वर्धा शहरात पक्ष्यांची निवडणूक झाली होती. बहार नेचर फाउंडेशनच्या मंडळींनी घेतली. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोकांनी मतदान केलं आणि भारतीय नीलपंख आपला शहरपक्षी झाला. त्या निवडणुकीत कोणी घरट्यात कॅमेरा घातला नव्हता. तारेवर बसलेला, उडाला की पंखात निळं उघडणारा पक्षी सगळ्यांनी आधी कधीतरी सहज पाहिलेलाच होता. म्हणजे प्रेम करायला फार जवळ जावं लागत नाही, हे आपण वर्धेकरांनी एकदा दाखवलेलं आहे. तोच नीलपंख किडे टिपायला कुठं उतरतो माहीत आहे? शेतात, धुऱ्यावर आणि त्याच झुडपीच्या गवतात, जिला आपण पडीत म्हणतो.

मी माझं सांगतो. येत्या रविवारी माझ्या गावच्या झुडपीत एक दगड ठरवणार आहे. पहिला फोटो इथंच टाकीन, गट नंबरसकट. फोटोत वाघ नसेल, आधीच सांगून ठेवतो. तुम्हीही आपापल्या गावचा टाका, खाली कमेंटमध्ये. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, वर्धा, आठही तालुक्यांतून आठ-आठ गावं आली तरी जिल्ह्यातल्या बेटांमधल्या वाटांचा पहिला नकाशा आपल्याच हातानं तयार होईल.

आणि तो एकवीस सेकंदांचा व्हिडिओ तुमच्या मोबाईलमध्ये असेल तर आत्ता डिलीट करा. पटलं नसेल तर खाली भांडा, मी उत्तर देईन. पण आधी डिलीट करा.